दीड मिलिमीटर

टेग्विन चाळीस वर्षं कवळ्या बनवत होता.
आता त्याच हत्यारांनी वॅगन बनवतो.
सोळा मिलिमीटर म्हणजे एक फूट, असा त्याचा हिशेब.
दोन फुटी रूळ बत्तीस मिलिमीटरवर येतो
आणि दोन टनांची वॅगन
लोण्याच्या बशीशेजारी मावते.
खरं सांगायचं तर बशी मीच सरकवते.

मूळ वॅगन ब्लॅक लायन पबच्या दाराशी उभी आहे,
चाकं सिमेंटात, पोटात जिरेनियम.
मार्चमधल्या एका पहाटे, मालक झोपलेला असताना,
टेग्विनने कुंड्या एकेक करून फुटपाथवर मांडल्या
आणि आत उतरला,
बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुमडून,
टेप दातांत धरून.
टॉर्च मी धरला होता. पावसात.
हे कुणाला सांगू नका.

एकेक पट्टी, एकेक रिव्हेट.
डावीकडची वरची पट्टी वाकलेली निघाली,
आत, अंगठ्याच्या रुंदीएवढी.
त्याने टेप लावला. मग टेप सोडून बोट लावलं.
"इथे," म्हणाला.
पुढे काही नाही.

नंबर दोनशे तेरा.
त्यांच्या घरात हा आकडा कुणी मोठ्याने म्हणत नसे.
उतरणीच्या माथ्यावर हूक निसटला,
दोन वॅगन एकमेकींवर आदळल्या,
आणि मधे गेथिनकाकाचा हात होता.
तीन बोटं गेली.
त्या आठवड्याचा पगारही.

माल मात्र खरा हवा, हा टेग्विनचा हट्ट.
वादळात आमच्याच छपरावरून पडलेली पाटी,
शाळेतल्या पाटीची सख्खी बहीण,
त्याने चिरली, तासली, नखाएवढी केली.
खाणीत मापांना नावं होती:
डचेस, काउंटेस, लेडी.
सासूबाई चॅपलची फरशी घासता घासता म्हणायच्या,
माझ्या डोक्यावर रोज रात्री चारशे काउंटेस असतात,
एकही उतरून पोछा धरत नाही.
तीन-तीन उचलून मोजायच्या, खाणीची जुनी रीत.
मी दीडशेला चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

धूळ मात्र लहान होत नाही.
टेबलावर बसते ती तीच, तेवढीच बारीक, राखाडी,
सासऱ्यांच्या उशीवर सकाळी दिसायची ती.
कंपनीचा डॉक्टर त्यांना सांगायचा,
धूळ तब्येतीला चांगली असते,
तुम्ही लोक चहा फार उकळता, म्हणून छाती बिघडते.
मी खिडकी उघडते,
टेग्विनच्या नाकावर मास्क चढवते.
तो कुरकुरतो.
मग चहा टाकते. चांगला उकळते.

ऑक्टोबरात चॅपलच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं.
परीक्षक थॉर्नली चेस्टरहून आले, भिंग घेऊन.
कागदावर लिहून गेले:
काम उत्कृष्ट. डावी पट्टी सरळ नाही. दोन गुण वजा.
पहिलं बक्षीस एका चकचकीत लाल इंजिनाला,
ज्यावर कोळशाचा डागसुद्धा नव्हता.
पक्कड तापवून, श्वास रोखून,
तीन वेळा फसून चौथ्यांदा जमलेलं
ते दीड मिलिमीटर!
मी उठणारच होते.
टेग्विनने माझी बाही धरली.
"त्यांना दिसलं तरी," म्हणाला.

आमचं घर खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर उभं आहे,
स्वयंपाकघर समुद्राकडे थोडं कललेलं.
रात्री जेवणं झाली की
तो दोनशे तेरा टेबलावर ठेवतो
आणि हात काढून घेतो. धक्का देत नाही.
ती जरा विचार करते, मग निघते,
मीठदाणीला वळसा न घालता,
विजेच्या बिलाशेजारून,
पोर्थमाडोगच्या बंदराच्या दिशेने.
मी पेपरातून डोकं वर काढत नाही.
टेबलाच्या कडेला तळहात धरते.
रोज थंड लागते,
आणि रोज
वाटलं होतं त्याहून जड.